उठवायला घरातलं माणूस

चीगू, २ नोव्हेंबर

मनांग पुरिता,

आज मृतांचा दिवस, तू सकाळीच दफनभूमीत गेली असशील. खराटा, बादली, मेणबत्त्या, आणि टोपलीत नारळाच्या दुधातला चिकट भात. बाप गेल्यावर, आपला ताताय गेल्यावर, दर वर्षी आपण दोघी बहिणी जायचो. त्याच्या थडग्यावरचं शेवाळ तू ब्रशने काढायची नाहीस, नखांनी खरवडायचीस. आता त्याच्या शेजारी आपली आई, नानाय आहे. तिची फरशी पांढरी आहे की काळी, नाव कुठल्या बाजूला कोरलंय, मला माहीत नाही.

हे भांडण काढायला लिहीत नाही. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. फोन कापायला एक बोट पुरतं, पत्र निदान चुलीपर्यंत तरी न्यावं लागतं. माझी आधीची पत्रं परत आलेली नाहीत, म्हणजे पोस्टमनच्या हातून तू ती घेतेस. तेवढ्यावर मी लिहीत राहते. शाळेतल्या सिस्टर लुदगार्दा म्हणायच्या तसं, आधी समोरच्याची तब्येत विचारावी: आपल्या शेजारची बेबोत म्हणाली, चर्चच्या पायरीवर तू पडलीस आणि आता स्टुलावर बसून स्वयंपाक करतेस. कुठला गुडघा, डावा ना? तू शाळेत असल्यापासूनच तो दुष्ट आहे.

इथे माझ्या आमाने जेवण सोडलंय.

आधीची पत्रं न वाचताच ठेवली असशील तर पुन्हा सांगते. आमा म्हणजे इथल्या भाषेत आजी, मी जिच्याकडे कामाला आहे ती. मी तिला आंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, आणि ती मला शिव्या देते. अर्धं अंग लुळं पडलंय, पण जीभ शाबूत आहे. घराच्या तिन्ही बाजूंना मासे वाढवायची तळी आहेत आणि त्यांत मासा कुठला, तर आपला बांगुस. तोच चंदेरी, तोच काट्यांनी भरलेला. पहिल्या दिवशी मी एकेक काटा बोटांनी काढून तिला भरवला, तसा ताताय आपल्याला भरवायचा. ती चावता चावता म्हणाली, "तुमच्याकडे पण हाच मासा? मग इतक्या लांब कशाला आलीस, मूर्ख बाई?" मला तिथेच ती आवडली.

आता मासा नको, पेज नको. तोंड मिटून भिंतीकडे बघते. तिचा मुलगा जिनफा तळ्यावरून येतो, दारातूनच विचारतो, "खाल्लं?" मी नाही म्हणून मान हलवते. तो तसाच परत जातो. हॉस्पिटलवाल्यांनी त्याला सांगितलंय, आता घरीच ठेवा.

माझा पाय एका जागी ठरत नाही. काल धुतलेल्या चादरी आज पुन्हा धुतल्या. शेजारच्या सहाव्या काकू (आमाच्या सहाव्या दिराची बायको, तिला सगळं गाव असंच म्हणतं) कुंपणावरून ओरडल्या, "फेली, त्या चादरींनी तुझं काय वाकडं केलंय गं?"

आमा गेली की हे घर माझं राहणार नाही. मग मी कुठे जायचं, हे मला तुला विचारायचं होतं. आज नाही विचारत.

तुझी,
फेली

चीगू, १७ नोव्हेंबर

मनांग,

एक गोष्ट घडली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. तुला सांगायचीही लाज वाटते.

आमाला एक मुलगी आहे, स्यूचिन. लग्न होऊन ओसाकाला असते. रोज दुपारी तिचा फोन येतो. मी फोन आमाच्या तोंडासमोर धरायचा आणि दोघींनी ओरडून भांडायचं (आमाला कमी ऐकू येतं), हा रिवाज.

"आई, औषध घेतलंस का?"

"घेतलं. तू नवरा नीट निवडलास का?"

"आई, त्याला आता तीस वर्षं झाली."

"म्हणून विचारते, अजून वेळ आहे."

गेल्या आठवड्यात स्यूचिनच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. गर्भाशय काढलं. डॉक्टरांनी हलायला बंदी केलीय, विमान तर दूरच. आणि इकडे आमा आता डोळे उघडत नाही. जिनफा मला मोरीजवळ गाठून म्हणाला, "फेली, स्यूचिनचा फोन आला की सांग, आई झोपलीय."

मी म्हटलं, "मालक, तिने रोज विचारलं तर?"

"रोज सांग. ती टाके तोडून येईल, मी ओळखतो ना तिला. मग मला दोन-दोन शवपेट्या मागवाव्या लागतील." एवढं बोलला आणि नळाखाली हात धुवत राहिला. हात स्वच्छच होते.

दुपारी फोन वाजला. मी अंगणात गेले, आपल्या शेवग्याखाली. (गावाहून आणलेली फांदी लावली होती. आता छपराच्या वर गेलीय. सहाव्या काकू पाला चोरतात आणि मलाच विचारतात कसा शिजवायचा.) मी म्हटलं, "आमा झोपलीय, स्यूचिनताई."

मनांग, ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

नानाय आजारी होती त्या फेब्रुवारीत दर रविवारी फोनवर तू हेच म्हणायचीस. "नानाय झोपलीय, इंदाय." (धाकटीला तू लाडाने इंदायच म्हणायचीस.) शेवटच्या रविवारी तुझ्या मागे हसण्याचा, पत्ते आपटण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "कोण आलंय?" तू म्हणालीस, "कुणी नाही, रेडिओ." मी मूर्ख, मला खरं वाटलं. आपल्याकडे मयताच्या घरी रात्रभर जागायला येतात ती माणसंच असे पत्ते कुटतात, हे मला माहीत नव्हतं का? नानाय तेव्हा पुढच्या खोलीत पेटीत होती. तिला पुरल्यावर तू मला कळवलंस. मी त्या दिवशी तुला जे बोलले ते पुन्हा लिहीत नाही, आणि तू त्यावर काहीच बोलली नाहीस. तेव्हापासून काहीच नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, ते वाक्य बोलणं तुला सोपं गेलं असेल.

स्यूचिन म्हणाली, "बरं, झोपू दे. तू जेवलीस का?" मी हो म्हटलं. तेही खोटं.

फेली

चीगू, २१ नोव्हेंबर

मनांग,

थोडंच लिहिते, वर सलाईन संपत आलंय.

रोज "झोपलीय" सांगते. स्यूचिन रोज थोडी जास्त वेळ गप्प राहते. तुझ्या फोनवर मीही अशीच गप्प राहायचे का? तुला ते ऐकू यायचं का?

मला एवढंच सांग, हे तुझं तू ठरवलंस की नानायने तुला सांगितलं होतं? बेबोत एकदा अर्धवट बोलून गेली की नानाय म्हणाली होती, "तिला बोलावू नका, करार मोडेल, पुन्हा त्या माणसांच्या तोंडाकडे बघत बसावं लागेल तिला." त्या माणसांच्या म्हणजे आपल्याच गावातल्या. माझा नवरा रोदेल त्या औषधाच्या दुकानातल्या बाईबरोबर निघून गेला आणि चर्चच्या बाकावर माझ्या शेजारची जागा लोक रिकामी सोडू लागले, ते नानायने पाहिलं होतं. मी नोकरीसाठी इकडे आले असं सगळे म्हणतात. मी त्या रिकाम्या जागेपासून पळाले होते.

इथे माझ्या शेजारी कुणी ना कुणी बसतं. रविवारी मी सायकलवरून स्टेशनपर्यंत आणि तिथून चर्चला जाते, वरच्या पट्टीत गाते. बाजारातली कालवंवाली मला पाहून ओरडते, "आली बघा आमाची धाकटी!" आणि भाव मात्र एक पैसा कमी करत नाही. हे सगळं मी पंचेचाळिशीनंतर, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना धूत-पुसत उभं केलं. नानायने ते मोडू दिलं नाही, असं असेल तर मी तिच्यावर रागवू की तुझ्यावर?

आज दुपारी स्यूचिन म्हणाली, "फेली, फोन तिच्याकडे फिरव. झोपलेली असली तरी चालेल."

मी म्हटलं, "खोलीत अंधार आहे."

ती म्हणाली, "माझी आई दिवसा अंधारात कधी झोपलेली नाही."

मी जिन्यात उभी होते. खालून जिनफाच्या बुटांचा आवाज येत होता. मला वाटलं, कुणीतरी मला एकदा असा फोन फिरवून दाखवायला हवा होता. टाके माझेही तुटले असते, पण मीच तोडले असते ना ते.

मी खोलीत गेले आणि फोन फिरवला.

आमाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, चाळणीतून वाळू पडावी तसा. मग स्यूचिनने फोन ठेवला. मागे वळले तर दारात जिनफा.

"तुला इथे आईला धुवायला ठेवलंय," तो म्हणाला, "घर चालवायला नाही. हे संपलं की तू निघ."

फेली

चीगू, २९ नोव्हेंबर

मनांग पुरिता,

आमा गेली. गेल्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. मी तिचे केस विंचरत होते आणि फणी अडकली म्हणून शिवी येईल अशी वाट पाहिली, ती आली नाही.

स्यूचिन तेव्हा विमानात होती.

आता नीट ऐक, कारण यापुढचं मला तुला समोर बसवून सांगायला हवं होतं. इथे एक रीत आहे. लग्न होऊन गेलेली मुलगी आई गेल्यानंतर पोचली, म्हणजे उशिरा आली, तर तिला घरात चालत येता येत नाही. रस्त्याच्या कोपऱ्यापासून हातापायांवर रांगत, मोठ्याने रडत, आईला हाका मारत यायचं. आणि आपलं आपण उठायचं नाही. घरातलं माणूस बाहेर येऊन उठवील तेव्हाच उठायचं.

स्यूचिन टॅक्सीतून कोपऱ्यावर उतरली. चेहरा कागदासारखा, एक हात पोटावर. सहाव्या काकूंनी तिच्या डोक्यावर शोकाची गोणपाटाची खोळ घातली आणि ती खाली वाकायला गेली तशी कळवळून टॅक्सीच्या दरवाजाला धरून उभी राहिली.

"हिला नाही जमायचं," कुणीतरी म्हणालं.

"रडायला भाड्याची बाई बोलवा. हल्ली मिळते."

"भाड्याची काय आई गेलीय का?" सहाव्या काकू त्यांच्यावर खेकसल्या.

जिनफा घराच्या उंबऱ्यात उभा होता. त्याला पुढे येता येत नव्हतं. बहीण पोचेपर्यंत त्याने तिथेच थांबायचं असतं.

मी काय केलं ते मला नंतर कळलं. मी स्यूचिनच्या पुढे गेले आणि गुडघ्यांवर बसले. म्हटलं, "ताई, माझ्या पाठीवर हात ठेवा आणि चला. खाली मी जाते."

आणि निघाले. पण कशी? आपल्या हारोच्या चर्चमध्ये जातो तशी! आठवतं, तू अंकगणितात पास व्हावीस म्हणून नानायने आपल्या दोघींना दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालवलं होतं? पाठ ताठ, हात छातीशी जोडलेले, नजर वर. मी तशीच निघाले, डांबरी रस्त्यावर, ओठांत मारियेची प्रार्थना घेऊन.

सगळी गल्ली थबकली. सहाव्या काकू धावत आल्या. "अगं ए बये, उभी काय चाललीस राणीसारखी! तळवे टेक खाली! डोकं खाली! आणि पुटपुटतेस काय, ओरड! म्हातारी बहिरी होती, माहीत नाही का तुला?"

मी तळवे टेकले. रस्ता दुपारच्या उन्हाने तापला होता. माझ्या पाठीवर स्यूचिनचा हात होता आणि वरून ती हाक मारत होती, "आई गं, मी आले, उशीर झाला, आई!" मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "नानाय!"

एकदा आलं आणि मग थांबेना. मनांग, मी आमासाठी रडत नव्हते. मी तुझ्या त्या पुढच्या खोलीकडे रांगत होते, त्या पत्त्यांच्या आवाजातून. माझ्या आईसाठी हे मी कधी केलंच नव्हतं. ना पेटी पाहिली, ना काळी फीत लावली. दुसऱ्यांच्या गल्लीत, दुसऱ्यांच्या रीतीने, नानायला मी पहिल्यांदा रडले.

दारापाशी पोचलो. जिनफाने बहिणीला काखेत धरून आत नेलं. मी तशीच खाली. मला कुणी उठवणार नाही हे ठाऊक होतं, मी घरातली नव्हते, आणि त्याने तर मला जायला सांगितलेलं. मी आपली हात झाडून उठायच्या बेतात, तेवढ्यात सहाव्या काकू ओरडल्या, "उठू नकोस! जिनफा, अरे हिला कोण उठवणार, मी? माझी कंबर बघ!"

जिनफा परत बाहेर आला. माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही दंडांना धरून मला उभं केलं आणि म्हणाला, "आत चल. आईच्या पायाशी उभी राहा."

माझे गुडघे सोलवटलेत. स्यूचिन स्वतः अंथरुणात, पण मला जवळ बसवून औषध लावते. म्हणते, "दादाचं चुकलं नाही, तुझंही चुकलं नाही. मला फक्त उशीर झाला."

हे मला तुझ्याबद्दल सुचायला किती वर्षं लागली बघ.

फेली

चीगू, १२ डिसेंबर

प्रिय मनांग,

आमाचं सगळं पार पडलं. तिच्या वेदीवर मी रोज मासा ठेवला, काटे काढून. जिनफा पहिल्यांदा हसला. "आता तरी तिला काटे काढू दे, वेळच वेळ आहे तिला."

कामं मिळवून देणारी एजंट बाई येऊन गेली. ताइचुंगला एक आजोबा आहेत, घरात लिफ्ट आहे, रविवारची सुट्टी आहे. "फेलीताई, तुमच्यासारखी बाई दोन दिवस रिकामी राहणार नाही," म्हणाली. जिनफाही तळ्यावरून येताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तेव्हा जा म्हणालो होतो, ते तेव्हाचं." त्याच्या सासूबाईंना बघायला बाई हवीय. म्हणजे इथे राहायचं तर दोन घरं आहेत, आणि तिथे यायचं तर एकाचंही दार उघडेल की नाही माहीत नाही.

चार दिवस मी घरभर फिरत होते. कपाट लावलं, उपसलं, पुन्हा लावलं. सायकलचं तेलपाणी केलं, आता ती कोण चालवणार हे ठरलेलं नसताना. शेवटी सहाव्या काकूंनी मला हाताला धरून शेवग्याखाली बसवलं. "तुझी बहीण आहे ना तिकडे?"

"आहे. बोलत नाही."

"मग काय झालं? माझी बहीण रोज बोलते, तिचा काय उपयोग झाला?"

मी हसले आणि मग उठून एजंट बाईला नाही म्हणून कळवलं.

तेव्हा मी येतेय. अठराला दुपारच्या बसने आपल्या दुमांगासला उतरेन. तुझी सेवा करायला येतेय असं मनात आणू नकोस, तू मला भांडं फेकून मारशील हे मला माहीत आहे. मी माझ्यासाठी येतेय. पण जमलं तर त्या डाव्या गुडघ्याला तेल लावू देशील, मला ते येतं. खोकं भरलंय. जिनफाने बांगुसच्या पोटाच्या पाकळ्या बर्फात बांधून दिल्यात. मी म्हटलं, "मालक, आमच्याकडे हाच मासा मिळतो." तर म्हणाला, "माझ्या तळ्यातला मिळत नाही." स्यूचिनने आमाची ती अडकणारी फणी दिली.

तू ठरवलंस की नानायने, हे आता विचारत नाही. "झोपलीय" म्हणताना तुला काय झालं असेल ते मला कळलं. पेटीशेजारी उभं राहून तू ते म्हणालीस, आणि फोन ठेवून पुन्हा पाहुण्यांना कॉफी द्यायला गेली असशील. तेव्हा तुझ्या पाठीवर कुणाचा हात होता, मनांग?

फाटक उघडं ठेव असं मी सांगत नाही. पण मी उशिरा आलेली मुलगी आहे आणि मला आता रीत माहीत आहे. गल्लीतल्या नाय लोलिंग मावशीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मी बसमधून उतरेन, खोकं तिच्या बाकावर ठेवेन आणि तिथून घरापर्यंत हातापायांवर येईन, सगळ्या गल्लीदेखत, आणि माझा आवाज वरच्या पट्टीतला आहे हे तुला ठाऊकच आहे. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. नानायची खोली कुठे आहे ते मला माहीत आहे.

फक्त एक अडचण. आपलं आपण उठता येत नाही. उठवायला घरातलंच माणूस यावं लागतं, आणि आपल्या घरात आता तू एकटीच आहेस. तुला वाकता येत नसेल तर वाकू नकोस. स्टूल फाटकापाशी आणून बस. तिथपर्यंत मी येते.

तुझी इंदाय